शेततळ्यातले मासे पहाटे पुन्हा पुन्हा वर येतात: आधी काय तपासायचं आणि काय टाकायचं नाही

पहाटे सहाच्या सुमाराला तळ्यावर गेलं की मासे कडेला नाहीतर मोटरीचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात गोळा झालेले असतात, तोंडं वर काढून हवा ओढत असतात. ऊन चढलं की सगळे खाली जातात आणि दिवसभर खाणंपिणं व्यवस्थित चालतं. चार-आठ दिवस बरे जातात. मग एखादा ढगाळ दिवस येतो आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. कुणी चुना टाकायला सांगतं, कुणी पोटॅशियम परमँगनेट, दुकानदार एखादी बाटली हातात ठेवतो. टाकल्यावर फरक पडल्यासारखा वाटतो, कारण तोवर ऊन आलेलं असतं. आठवड्याभरात मासे पुन्हा वर.

मासे फक्त पहाटे वर येत असतील तर तो बहुतेक वेळा रोग नसतो. पाण्यातला ऑक्सिजन रात्रीत संपलेला असतो. आणि तो पुन्हा पुन्हा संपतो याचं कारण तळ्याला झेपेल त्यापेक्षा जास्त खाद्य किंवा शेण आपण पाण्यात घालत असतो. म्हणून यावरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय दुकानात मिळत नाही. खाद्य कमी करणं आणि पाण्याचा हिरवेपणा आटोक्यात ठेवणं, एवढाच तो आहे. बाकी सगळं त्याच्या जोडीला.

पुढचे सगळे हिशेब एकाच मापाच्या तळ्यावर मांडतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या तळ्याशी ताडून बघता येईल. 30 बाय 30 बाय 3 मीटरचं, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे हे माप गावोगाव पोचलं. वरून नऊ गुंठे, तळाशी 24 बाय 24 मीटर, काठोकाठ भरलं तर 2,196 घनमीटर, म्हणजे जवळपास 22 लाख लिटर पाणी. त्यात अर्ध्या किलोच्या आसपासचे हजार मासे धरू: कटला, रोहू, मृगळ, थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प), सगळे कार्प जातीचे. वजन झालं 500 किलो.

ऑक्सिजनच कमी आहे हे कशावरून ओळखायचं

वेळ बघा. पहाटे चार ते सात या वेळात त्रास आणि दुपारी काहीच नाही, तर ऑक्सिजन. दिवसभर मासे सुस्त, खाद्याकडे फिरकत नाहीत, दुपारीसुद्धा कडेला येऊन थांबतात, तर अमोनियाचा संशय घ्या. कोणत्याही वेळी मासे अचानक वेडेवाकडे पळायला लागले, उलटे झाले आणि सोबत पाण्यातले किडेही मेले, तर फवारणीचं औषध तळ्यात आलं असण्याची शक्यता मोठी. शेजारी डाळिंब, द्राक्ष किंवा कापूस असेल आणि फवारणीनंतर वारा सुटला किंवा पाऊस पडून बांधावरचं पाणी आत आलं असेल, तर आधी तिकडे बघा.

मेलेले मासेही बरंच सांगतात. ऑक्सिजन कमी पडला तर आधी मोठे मासे जातात, लहान तगून राहतात. तोंड उघडं आणि कल्ले फाकलेले असतात. अंगावर जखम, ठिपके, कापसासारखी बुरशी नसते. जखमा असतील, मासे रोज दोन-चार असे मरत असतील आणि त्यात लहानमोठं असा भेद नसेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. ते मासे बर्फात घालून त्याच दिवशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

कल्ले उचलून रंग बघायची सवय लावा. लालभडक असेल तर बरं. तपकिरी, चॉकलेटी असेल तर पाण्यात नायट्राईट वाढलंय, आणि अशा माशाला पाण्यात ऑक्सिजन असूनही तो घेता येत नाही.

रात्री ऑक्सिजन जातो कुठे

30 अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून मिसळून राहणारा ऑक्सिजन लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास असतो. आपलं सगळं तळं भरलेलं असताना त्यात एकूण साडेसोळा किलो ऑक्सिजन मावतो. 22 लाख लिटर पाण्यात फक्त साडेसोळा किलो! लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर कार्प मासे मजेत असतात. तीनच्या खाली आला की वर येऊन तोंड वासायला लागतात, आणि एक-दीडवर आला की मरायला सुरुवात होते.

आता खर्चाची बाजू. गरम पाण्यात किलोभर मासा तासाला साधारण पाव ग्रॅम ऑक्सिजन घेतो. 500 किलो मासे बारा तासांच्या रात्रीत घेतात दीड किलो. साडेसोळातले दीड! म्हणजे एवढ्या माशांमुळे तळं गुदमरत नाही. उरलेला ऑक्सिजन हिरवं पाणी आणि तळाचा गाळ खातात. पाणी हिरवं दिसतं ते सूक्ष्म शेवाळामुळे. दिवसा हेच शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं, इतका की दुपारी तीन वाजता हिरव्यागार तळ्यात तो साडेसातच्याही बराच वर जातो. सूर्य मावळला की हिशेब उलटा होतो, आता शेवाळालाच ऑक्सिजन लागतो. जितकं पाणी जास्त हिरवं, तितकी दुपार चांगली आणि पहाट वाईट. त्यात दिवस ढगाळ गेला तर दिवसा जमाच कमी झालेली असते आणि रात्रीचा खर्च मात्र तेवढाच.

म्हणून दुपारी मीटर लावून ‘ऑक्सिजन भरपूर आहे’ असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. मोजायचं तर पहाटे, सूर्य उगवायच्या आधी.

ताटली आणि काठी

ऑक्सिजन मीटर बऱ्यापैकी महाग असतो आणि त्याची देखभालही करावी लागते. एकट्या शेततळ्यासाठी तो घ्यायची गरज मला वाटत नाही. त्याऐवजी घरी एक साधन करा. 20 सेंटिमीटर व्यासाची जुनी स्टीलची ताटली घ्या. तिचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन पांढऱ्या आणि दोन काळ्या ऑइलपेंटने रंगवा. मधोमध भोक पाडून नट-बोल्टने ती अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या टोकाला बसवा. पाइपवर ताटलीपासून वर दर पाच सेंटिमीटरला कायमच्या मार्करने खूण करा.

दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान, ऊन पाठीवर घेऊन, ताटली सरळ पाण्यात सोडत जा. पांढरा रंग दिसेनासा झाला की पाइपवर किती खोली आली ते बघा. मग हळूहळू वर घ्या आणि पुन्हा दिसायला लागते तिथली खूण बघा. दोन्हींची सरासरी म्हणजे तुमच्या पाण्याची पारदर्शकता. कार्प माशांसाठी ती 30 ते 40 सेंटिमीटर असावी. 25च्या खाली आली की मी खाद्य निम्मं करायला सांगतो. 20च्या खाली आली तर बंदच. 60च्या वर असेल तर पाण्यात नैसर्गिक खाद्य कमी आहे, तिथे पहाटेचा त्रास सहसा होत नाही.

ताटली नसेल त्या दिवशी कोपरापर्यंत हात पाण्यात घाला. तळवा दिसत नसेल तर पाणी जास्त हिरवं आहे.

फक्त एक काळजी घ्या. कमी पारदर्शकता म्हणजे नेहमी शेवाळच असं नाही. बिनकागदाच्या तळ्यात, विशेषतः काळ्या जमिनीत, पावसाळ्यात चिखलाने पाणी गढूळ होतं आणि ताटली दहा सेंटिमीटरलाच गायब होते. पांढऱ्या पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी माती बसली असेल तर तो गढूळपणा. पाणी एकसारखं हिरवंच राहिलं तर साधं शेवाळ. आणि वर हिरव्या रंगाचा थर तरंगून आला, खालचं पाणी निवळलं, तर ते निळं-हिरवं शेवाळ. हे सगळ्यात त्रासदायक. तळ्यावर ते वारा वाहतो त्या दिशेच्या काठाला रंग सांडल्यासारखं साचतं आणि कुजलं की वास मारतं.

खाद्याचा हिशेब

500 किलो माशांना वजनाच्या दोन टक्के धरलं तर रोज 10 किलो खाद्य होतं. 30 टक्के प्रथिनांच्या एक किलो खाद्यातून शेवटी साधारण 28 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातलं नत्र) पाण्यात येतं, थोडं माशांच्या कल्ल्यांतून आणि थोडं न खाल्लेलं खाद्य कुजून. 10 किलोचे झाले 280 ग्रॅम. भरलेल्या तळ्यात म्हणजे लिटरला रोज 0.13 मिलिग्रॅमची भर. शेवाळ ते खातं, म्हणून पाणी हिरवं होतं. म्हणजे शेण किंवा युरिया न टाकताही तुम्ही रोज तळ्याला खत देत असता. त्यात वर शेण टाकणारेही आहेत. पाणी हिरवं झाल्यावर शेण, कोंबडी खत, सुपर फॉस्फेट यातलं काहीही तळ्यात जाता कामा नये.

हेच तळं एप्रिल-मेमध्ये बघा. बागेला पाणी देऊन देऊन दीड मीटरवर आलेलं असतं. तळं उतरतं असल्यामुळे आता त्यात 10 लाख लिटरसुद्धा पाणी नाही, निम्म्याहून कमी. मासे मात्र वाढलेले, खाद्य वाढवलेलं, पाणी तापलेलं. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाला जास्त लागतो. पावसाळ्यानंतर सुरळीत चाललेलं तळं उन्हाळ्यात का बिघडतं, याचं उत्तर एवढंच आहे. पाणी उतरलं की खाद्य त्या प्रमाणात उतरलंच पाहिजे, किंवा मासे तरी कमी झाले पाहिजेत.

खाद्य पाण्यावर फेकण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही, कारण तळाशी किती गेलं ते कळत नाही. आंध्रात रोहूसाठी पिशवीची पद्धत सर्रास वापरतात, ती आपल्याकडेही छान चालते. खताच्या रिकाम्या प्लॅस्टिक गोणीच्या खालच्या भागात बोट जाईल एवढी भोकं पाडायची, आत शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, आणि दोरीने किंवा बांबूला बांधून ती पाण्यात अर्धी बुडवायची. मासे भोकांतून ओढून खातात. दोन-तीन तासांनी गोणी उचलून बघायची. उरलं असेल तर उद्या तेवढं कमी. खाद्य सकाळी नऊ-दहानंतरच, ऊन पडल्यावर. संध्याकाळी दिलेलं खाद्य पचवायला माशाला रात्रीच जास्त ऑक्सिजन लागतो, आणि रात्री तो नसतो. ढगाळ दिवशी, पाऊस चालू असताना, मासे पहाटे वर आले त्या दिवशी खाद्य द्यायचंच नाही. कार्प मासा दोन-चार दिवस उपाशी राहिला तर काही बिघडत नाही. वजन थोडं मागे पडेल, पण तळं वाचेल.

मासे आत्ता वर आलेत, काय करू

मोटर चालू करा आणि तळ्यातलंच पाणी हवेतून तळ्यात पाडा. पाणी उचलायचं ते वरच्या थरातून, फूट-दीड फुटावरून. फुटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तोंडाची झडप) तळाशी असेल तर खालचं ऑक्सिजन नसलेलं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी गाळासकट वर येईल आणि आहे तो ऑक्सिजनही संपेल. सक्शन पाइपला रिकामा प्लॅस्टिकचा ड्रम किंवा बंद कॅन बांधून तोंड तरंगतं ठेवणं, हे एकदाच करून ठेवायचं काम आहे. डिलिव्हरीला दोन इंची पाइपचा तुकडा जोडून त्याला खालच्या बाजूने बारीक भोकं पाडा, शेवटी टोपी लावा, आणि तो तीन-चार फूट उंचीवर आडवा बांधा. पाण्याची धार एकसंध पडली तर फारसा उपयोग नाही. जितके बारीक थेंब, तितका हवेशी जास्त संबंध.

विहिरीचं पाणी असेल तर तेही याच पाइपातून पाडा. बोअरचं पाणी थेट सोडू नका. जमिनीखालून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतो आणि कार्बन डायऑक्साईड भरपूर असतो. भोकाच्या पाइपातून, उंचीवरून पडलं तरच ते कामाचं.

ऊन चढेपर्यंत मोटर बंद करू नका. तळ्यात उतरून पाणी घुसळू नका, गाळ उठतो. आणि कागदाच्या तळ्यावर पहाटे अंधारात एकट्याने जाऊच नका. ओला कागद इतका निसरडा असतो की पोहता येणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेल्या जाड दोऱ्या आणि एक-दोन हवा भरलेल्या ट्यूब काठावर कायम बांधलेल्या हव्यात. हे माशांच्या आधी.

आता ज्या गोष्टींवर पैसे जातात त्या बघू. ऑक्सिजनच्या गोळ्या किंवा पावडर म्हणजे बहुधा सोडियम परकार्बोनेट. बाजारातल्या चांगल्या मालाच्या वजनाच्या 13-14 टक्के ऑक्सिजन त्यातून सुटतो. आपल्या तळ्यात ऑक्सिजन लिटरला फक्त एका मिलिग्रॅमने वाढवायला 2.2 किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे सोळा किलोच्या आसपास पावडर. पाव किलोच्या पाकिटाने काय होणार? पोटॅशियम परमँगनेटमधून माशाला वापरता येईल असा ऑक्सिजन मिळत नाही. ते पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्च होऊन संपतं. मोरचूद टाकून शेवाळ मारायचा सल्ला तर धोक्याचा. एकाच दिवशी मेलेलं सगळं शेवाळ कुजायला लागतं, तो कुजण्याचा खर्च ऑक्सिजनवरच पडतो, आणि पहाटे वर येणारे मासे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरे पोट वर करून तरंगतात.

चुना: कुणी टाकायचा, कुणी नाही

‘पाणी खराब, चुना टाक’ हे वाक्य इतक्या सहज म्हटलं जातं की त्यावर जरा थांबायला हवं. चुन्याचं काम पाण्याची आम्लता कमी करणं आणि क्षारता (अल्कलिनिटी) वाढवणं आहे. कोकणातल्या जांभ्या जमिनीतल्या तळ्यांना त्याची खरोखर गरज असते. नुसत्या पावसाच्या पाण्यावर भरलेल्या कागदाच्या तळ्यालाही असू शकते, कारण पावसाच्या पाण्यात क्षार नसतात आणि कागदामुळे मातीतूनही मिळत नाहीत. पण देशावर विहीर-बोअरच्या पाण्याने भरलेल्या तळ्यात क्षारता आधीच भरपूर असते आणि सामू (पीएच) आठच्या वर असतो. तिथे चुना टाकणं म्हणजे आगीत तेल.

कारण सांगतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच रूप माशाला विषारी. किती भाग विषारी ते सामूवर ठरतं. 28 अंश तापमानात सामू 7 असेल तर शंभरातला एकही भाग पूर्ण विषारी नसतो. 8 ला सहा-सात भाग, आणि 9 ला चाळीसच्या आसपास. हिरव्या तळ्यात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साईड ओढून घेतं म्हणून दुपारी सामू आपोआप नऊ-साडेनऊला जातो. अशा तळ्यात दुपारी विरलेला किंवा कळीचा चुना टाकला, तर काल सहन होत असलेला अमोनिया आज जीव घेईल.

क्षारता मोजायला वेगळा खर्च करायला नको. माती परीक्षण प्रयोगशाळेत ओलिताचं पाणी तपासून मिळतं, ठिबकसाठी अनेकांनी ते केलेलंही असतं. तो जुना अहवाल काढा. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट या दोन ओळींतले मिलिइक्विव्हॅलंटचे आकडे एकत्र करा आणि 50 ने गुणा. बेरीज 4 आली तर क्षारता 200 मिलिग्रॅम प्रति लिटर, चुन्याचं नाव काढू नका. बेरीज 1 च्या खाली, म्हणजे 50 पेक्षा कमी आली तर चुना हवा. तेव्हाही शेतीची चुनखडी पूड वापरा, ती सामू फार वर नेत नाही. आपल्या भरलेल्या तळ्याची क्षारता 20 ने वाढवायला 44 किलो शुद्ध पूड लागते, तीही पूर्ण विरघळली तर. दोन-तीन हप्त्यांत, सकाळी, सगळीकडे सारखी विस्कटून टाका. कळीचा चुना फक्त मातीच्या, रिकाम्या केलेल्या तळ्याच्या तळावर. कागदावर त्याचा ढीग नको, विरताना तो तापतो.

सामू मोजायला थेंबांचं किट घ्या. मत्स्यालयाच्या दुकानात अमोनियाचंही मिळतं, ते माफक किमतीत बरंच चालतं. सामू सकाळी सहाला आणि दुपारी तीनला मोजा. दोन्हींतला फरक एकपेक्षा जास्त असेल तर पाणी जास्त हिरवं आहे किंवा क्षारता कमी आहे. ताटली सोबत असेल तर दोन्हींतलं काय ते लगेच कळतं.

हिरवेपणा कायमचा कसा उतरवायचा

खाद्य दोन-तीन दिवस बंद, मग निम्मं. काठावर साचलेला निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर जुन्या सुती साडीने दोघांनी दोन टोकं धरून ओढून बाहेर काढा, बांधावर टाका, पुन्हा आत वाहून येईल अशा जागी नको. आणि बागेला पाणी द्यायचंच आहे, तर ते तळ्याच्या तळातून द्या. नत्र-स्फुरद असलेलं हे पाणी पिकाला चांगलंच आहे. ठिबक असेल तर वाळूचा फिल्टर रोज उलटा धुवावा लागेल, ही तयारी ठेवा. तळातून काढायला जुना दोन-अडीच इंची लवचिक पाइप सायफनसारखा वापरता येतो. बाहेरचं टोक तळ्याच्या पाण्याच्या पातळीखाली असलं की झालं, मोटरीची गरज नाही. आतल्या टोकाला जाळी बांधा, लोखंडी काही नको, कागद फाटतो. जेवढं काढाल तेवढं ताजं पाणी भरता आलं तर उत्तम, नाही आलं तर माशांची संख्या त्याप्रमाणे कमी करा.

संख्या कमी करणं लोकांना जिवावर येतं, पण मला विचाराल तर उन्हाळ्याच्या तोंडावर जाळं ओढून मोठे मासे विकून टाकणं हा सगळ्यात चांगला व्यवहार आहे. पैसेही हातात येतात आणि उरलेल्यांना जागा होते. जाळं ओढायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि काम सकाळी ऊन पडल्यावर, पण तापायच्या आधी उरका.

अमोनिया खरंच वाढलेला असेल तर गूळ किंवा मळी टाकायला सांगतात. तत्त्व खरं आहे: गोड पदार्थावर जिवाणू वाढतात आणि वाढताना अमोनिया वापरतात. पण एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण 20 ग्रॅम कर्बोदक लागतं. रोजच्या 280 ग्रॅमसाठी साडेपाच किलो, तेही रोज. आणि हे जिवाणू ऑक्सिजन खातात. रात्रभर एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालणार नसेल तर गुळाच्या वाटेला जाऊ नका. तेवढं खाद्य कमी करणं फुकट पडतं.

कल्ले तपकिरी दिसले असतील तर तिथे मात्र खडे मीठ कामाला येतं. मिठातलं क्लोराईड नायट्राईटला माशाच्या रक्तात शिरू देत नाही. नायट्राईट-नायट्रोजनच्या किमान दहापट क्लोराईड पाण्यात हवं. बोअरच्या पाण्यात ते बऱ्याचदा आधीच असतं, म्हणून त्याच माती-पाणी अहवालातला क्लोराईडचा आकडा आधी बघा.

लाईट कधी असते त्यावर मोटर

तीन मीटर खोल तळ्यात उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड राहतं. दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या थरात ऑक्सिजन संपतो, गाळातून वायू साठतात. मग मृगाचा पहिला जोरदार पाऊस येतो, वरचं पाणी एकदम थंड होतं, वारा असतो, आणि खालचं पाणी वर उलटतं. एका रात्रीत तळं साफ होण्याच्या घटना बहुतेक याच दिवसांतल्या. अवकाळीनंतरही हे होतं.

हे टाळायचं तर थर मुळात बनू द्यायचे नाहीत. शेतीची थ्री-फेज लाईट दिवसपाळीत असेल त्या दिवसांत दुपारी दोन ते चार मोटर लावा, सोलर पंप असेल तर रोजच. वरचं ऑक्सिजनने भरलेलं पाणी खाली जातं आणि रात्रीची शिल्लक वाढते. थर आधीच पडलेला असेल तर पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटांपासून सुरुवात करा, एकदम तासभर नको. रात्रपाळीत लाईट असेल तेव्हा ऑटो स्टार्टर आणि टायमरवर मध्यरात्रीनंतर दोन ते सहा. पॅडल एअरेटर परवडत असेल आणि मासे 500 किलोच्या पुढे न्यायचे असतील तर तो जरूर घ्या. पण तो घेतला म्हणून खाद्य दुप्पट करणारे पुन्हा तिथेच येतात, आणि मग एक रात्र लाईट गेली की सगळं जातं.

नवीन बीज सोडायच्या आधी

कागदाच्या तळ्यात गाळाखाली माती नसते. मातीच्या तळ्यात तळ बराच घाण पचवतो, इथे ती तशीच साचते. म्हणून मे महिन्यात तळं रिकामं करून गाळ खरवडून शेतात टाकणं इथे जास्त गरजेचं. लाकडी किंवा रबरी फळीने ओढा, फावड्याने नको. कागद दोन-तीन दिवस कडक उन्हात तापू द्या, फाटलेल्या जागा याच वेळी जोडून घ्या. मग नऊ गुंठ्यांत चार बोटांएवढी बोटुकली हजाराच्या आतच सोडा. एअरेटर नसताना हेक्टरी दहा हजार ही वरची मर्यादा धरतात, त्याचं नऊ गुंठ्यांचं गणित नऊशे येतं. तळाचं खाणारे मृगळ कागदाच्या तळ्यात मागे पडतात, त्यांची संख्या कमी ठेवून थोडे चंदेरा (सिल्व्हर कार्प) सोडले तर ते हिरवं पाणी गाळून खातात. बीज विकणारा ‘थोडी मर धरून’ तीन-चार हजार घ्या म्हणतो. मर धरायचीच असेल तर शंभर-दीडशे जास्त घ्या, त्याहून नाही. गाडीतून आलेल्या पिशव्या लगेच फोडू नका, अर्धा तास तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग पिशवीत तळ्याचं पाणी थोडं थोडं घालत मासे आपले आपण बाहेर पडू द्या. त्या दिवशी ताटलीचा पहिला आकडा वहीत लिहा, आणि पुढे दर आठवड्याला त्याच्याखाली.